दारिद्र्य व सामाजिक गतिशीलता

व्यक्तीने किंवा समूहाने समाजाच्या एका थरातून दुसऱ्या थरात जाणे म्हणजे सामाजिक गतिशीलता. समाजशास्त्रज्ञ पितिरिम सोरोकिन यांनी १९२७ मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली आणि समपातळीवरील व वरखाली होणारी गतिशीलता असा भेद केला. विकसनशील देशांच्या बाबतीत खरा प्रश्न पिढ्यांचा असतो: आईवडिलांचे उत्पन्न, शिक्षण व व्यवसाय यांवरून मुलांचे स्थान कितपत ठरते? जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार तळातून वर येण्याचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या ५० अर्थव्यवस्थांपैकी ४६ विकसनशील जगातील आहेत. त्याच वर्षी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने गरीब कुटुंबाच्या वंशजांना देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या पिढ्यांचा अंदाज मांडला. तो डेन्मार्कसाठी २, भारत व चीनसाठी ७, ब्राझीलसाठी ९ आणि कोलंबियासाठी ११ असा होता. हे आकडे भाकीत म्हणून वाचू नयेत. गतिशीलतेचा आजचा वेग कायम राहील असे धरून केलेले ते गणित आहे.

गरिबांना शिक्षणाचे मोल कळत नाही, हा समज तपासाअंती फारसा टिकत नाही. फी माफ झाली तरी मुलाने घरात आणली असती ती मजुरी बुडते, आणि शिक्षणाचे फळ दहाबारा वर्षांनी मिळणार असताना सावकाराचे व्याज मात्र दरमहा द्यावे लागते. तारण ठेवण्यासारखे काही नसलेल्या कुटुंबाला शिक्षणासाठी कर्ज मिळत नाही आणि त्यामुळे विषमता पुढच्या पिढीत उतरते, हे अर्थशास्त्रज्ञ ओडेड गॅलॉर व जोसेफ झेइरा यांनी १९९३ मध्ये सैद्धांतिक पातळीवर दाखवले. त्यात आजारपणाची भर पडते. एका शस्त्रक्रियेसाठी जमिनीचा तुकडा किंवा दागिने विकले गेले की दोन पिढ्यांची कमाई जाते. म्हणून वर चढण्याइतकेच पुन्हा खाली न घसरणेही महत्त्वाचे ठरते, आणि असंघटित क्षेत्रातील रोजंदारीवर ही घसरण रोखणारा आधार मिळत नाही. बालपणातील कुपोषणाने वाढ खुंटली, तर मूल शाळेत पोहोचण्याआधीच मागे पडलेले असते.

पैशाची अडचण आणि समाजाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी बडोदे संस्थानाचा इतिहास विशेष उपयोगी आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक घेतले जाऊन गादीवर आले. (ही झेप विलक्षण खरी, पण दत्तकविधानाच्या योगायोगातून समाजाच्या गतिशीलतेविषयी काहीही सिद्ध होत नाही.) त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती; ज्या घराला मुलाची मजुरी सर्वाधिक लागत होती त्यालाच तो दंड सर्वाधिक जड जाणार, हा सक्तीच्या धोरणातील मूलभूत पेच होता. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाने कारागिरीला तंत्रशिक्षणाची जोड दिली.

याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पदवी, पद आणि वेतन असूनही त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत मिळालेला आसराही जात उघड होताच सुटला, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्तीने दारिद्र्याचा अडसर दूर केला होता. जातीचा अडसर तिच्या आवाक्याबाहेर होता. गतिशीलता केवळ उत्पन्नाने मोजणारी पद्धत याच जागी अपुरी पडते.

गायकवाडांच्या राज्याबरोबर शिलेदारी, कारकुनी व पौरोहित्य करणारी मराठी कुटुंबे बडोद्यात स्थिरावली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर दरबारी चाकरीचा आधार संपला. बडोद्याजवळील कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला आणि पुढे पेट्रोरसायन उद्योग उभे राहिले, तेव्हा नव्या नोकऱ्यांसाठी पदविका किंवा पदवी लागत होती. साहजिकच ज्या घरांत आधीपासून पुस्तके होती त्यांना हे वळण सोपे गेले, हुजऱ्या-खिदमतगारांच्या घरांना तितके नाही. मालमत्ता नसतानाही शिक्षण वारशाने मिळते, आणि हा वारसा मोजमापात सहसा निसटतो.

समूहाच्या गतिशीलतेचा अभ्यासही या शहराशी जोडलेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५०च्या दशकात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली: खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार स्वीकारून दर्जा उंचावण्याचा प्रयत्न करतात. मात्र त्यासाठी हाताशी काही पैसा किंवा राजकीय बळ लागते; भूमिहीन मजुरांच्या वस्तीत ही वाट सहसा खुली नसते, आणि तीतून जातीचे स्थान बदलले तरी उतरंड तशीच राहते.

उपायांमध्ये मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेली सशर्त रोख मदत अनेक देशांनी उचलली. मुलांची शाळेतील हजेरी व आरोग्य तपासणी या अटींवर प्रामुख्याने आईच्या हाती रक्कम दिली जाते, म्हणजेच मुलाच्या बुडालेल्या मजुरीची काही अंशी भरपाई होते. भारतातील मध्यान्ह भोजन याच दिशेचे आहे. शाळेनंतरच्या नोकरीसाठी लागणारी ओळखपाळख, शहरात भाड्याने मिळणारी खोली आणि मुलींच्या बाबतीत लवकर होणारे लग्न या गोष्टींपर्यंत अशा योजना क्वचितच पोहोचतात.