छाया मंत्र्याला फाइल मागवता येते का?

विधानसभेच्या निकालानंतर पुण्यात कट्ट्यावर एक समज हमखास ऐकू येतो: पराभूत पक्षाने शॅडो कॅबिनेट, म्हणजे सरकारच्या एकेका खात्यावर लक्ष ठेवणारे स्वतःचे ‘छाया मंत्रिमंडळ’, नेमले की त्यातील ‘मंत्र्यां’ना खात्याच्या फायली मागवता येतात आणि सरकारी गाडीही मिळते. हे खरे नाही.

आपल्या राज्यघटनेत छाया मंत्रिमंडळाचा उल्लेखच नाही. ही प्रथा ब्रिटनची आहे आणि तेथेही कायद्याने वेतन मिळते ते विरोधी पक्षनेत्याला (१९३७ च्या कायद्यापासून) व मोजक्या प्रतोदांना. बहुतेक छाया मंत्री खासदाराच्या वेतनावरच काम करतात. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ९ मार्च २०२० रोजी नवी मुंबईत असे मंत्रिमंडळ जाहीर केले, तेव्हा विधानसभेत त्या पक्षाचा एकच आमदार होता. म्हणजे नेमणुकीसाठी आमदारकीही लागत नाही, कारण ती पक्षाची अंतर्गत कामवाटणी असते.

मग पुण्यातील छाया नगरविकासमंत्र्याला मुळा-मुठा नदीकाठ सुधारणेची निविदा पाहायची असेल, तर त्याला तुमच्याआमच्यासारखाच महापालिकेकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागेल, आणि उत्तरासाठी कायद्याने दिलेल्या ३० दिवसांच्या मुदतीपर्यंत थांबावेही लागू शकेल. तो आमदार असेल तरच सभागृहात तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री तोंडी देतो) विचारता येईल. माझ्या मते नेमणुकीचे खरे मोल याच चिकाटीच्या कामात आहे. एकाच माणसाने एकाच खात्याचा अर्थसंकल्प वर्षानुवर्षे वाचला, तर त्याला मंत्र्याच्या उत्तरातील त्रुटी तिथल्या तिथे दाखवता येते. सत्ता आल्यावर तेच खाते त्याला मिळेल, याचे मात्र कोणतेही बंधन नसते.