हार्टचा प्रॉब्लेम असलेलं बाळ आणि घरी आलेलं मशीन : वापरण्याआधी वाचा

आमच्याकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन), बाळाचं ऑक्सिमीटर किंवा वजनकाटा भाड्याने नेणाऱ्या आई-बाबांसाठी हे लिहिलंय, आणि आजी-आजोबांनी पण नक्की वाचा, कारण दिवसभर बाळ बहुतेक त्यांच्याच मांडीवर असतं. शंभरातल्या साधारण एका बाळाला हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यातली बरीच लहान भोकं आपोआप बुजतात, पण आम्ही पुण्यात ज्यांच्या घरी मशीन पोचवतो ती बाळं ऑपरेशनची वाट बघत असतात किंवा एक होऊन दुसऱ्याची, आणि मधले सगळे महिने घरीच काढायचे असतात.

आधी आकड्याचं बोलू. कोविडपासून 95 च्या खाली गेलं की आपल्या सगळ्यांना धडकी भरते, पण टीओएफ (हृदयातले चार दोष एकत्र असलेला जन्मजात आजार) असलेल्या किंवा शंट (फुफ्फुसाकडे रक्त नेण्यासाठी ऑपरेशनने बसवलेली छोटी नळी) टाकलेल्या बाळाचा रक्तातला ऑक्सिजन 75 ते 85 टक्के असणं डॉक्टरांना कित्येकदा अपेक्षितच असतं, कारण शुद्ध-अशुद्ध रक्त आत मिसळतच असतं. तेव्हा डिस्चार्ज घेतानाच कार्डिऑलॉजिस्टकडून लिहून घ्या की आमच्या बाळाचा नेहमीचा आकडा किती, कितीच्या खाली गेला तर फोन करायचा आणि कितीला थेट हॉस्पिटल गाठायचं. मशीनसोबत कोरं स्टिकर देतो, त्यावर हे लिहून चिकटवा.

आणि कृपा करून फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो तो आकडा, स्वतःहून वाढवू नका. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याचा डोस डॉक्टरच ठरवणार. हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतोय अशा बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त सगळं तिकडे धावतं आणि बाकीच्या शरीराला कमी पडतं, म्हणजे मशीनवर आकडा छान दिसतो, घरचे खूश होतात आणि बाळ मात्र आतून थकत जातं. आमच्या माणसाला फोन करून "जरा वाढवू का" विचारलंत तर तो नाहीच म्हणेल, त्याचा राग धरू नका.

ऑक्सिमीटरचा प्रोब बाळाच्या पावलाला गुंडाळायचा, मोठ्यांचा बोटाला लावायचा क्लिप चालत नाही. पाय गार असेल, बाळ लाथा मारत असेल किंवा खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर आकडा चुकतो, वरून मोजा चढवा, थोडं थांबा, परत बघा. प्रोबची जागा दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर कातडी लाल होते.

टीओएफच्या बाळांना सकाळी उठल्यावर, खूप रडल्यावर किंवा शी करताना झटका येऊ शकतो, ओठ-नखं अचानक जांभळी पडतात आणि श्वास जोरात चालतो. लगेच कडेवर घेऊन दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि डॉक्टरांना कळवा. बाळ ढिलं पडलं किंवा हाकेला ओ देईना तर सरळ 108.

आता आजींसाठी. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी, निरांजन, उदबत्ती काही म्हणजे काही नको, ऑक्सिजनजवळ आग झपाट्याने भडकते, आणि धूर या बाळांना तसाही सोसत नाही. टाळूवर तेल घालायचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणि नळी काढलेली असताना, मग नीट पुसून परत नळी. गालावर, नाकाजवळ तेल किंवा व्हॅसलीन लावू नका.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन साठवत नाही, लाईट गेली की बंद. दुरुस्तीसाठी लाईट घालवतात तेव्हा तासन्‌तास येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून बी टाईप सिलेंडर जोडीला ठेवाच, त्यात साधारण 1500 लिटर असतो, मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल तर हिशेबाने 50 तास, पण गळती वगैरे धरून आम्ही 40 च सांगतो.

वजन रोज सकाळी, दूध पाजण्याआधी, कपडे काढून, आणि वहीत ग्रॅममध्ये लिहा. दूध पिताना कपाळावर घाम येणं, धाप लागणं, अर्धवट पिऊन दमून झोपणं हे सगळं त्याच वहीत. वजन वाढतच नसेल किंवा एका रात्रीत एकदम वाढून डोळे सुजले असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. शंट असलेल्या बाळाला उलट्या-जुलाब झाले तर घरी बघत बसू नका, पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि शंट बंद पडू शकतो. महाबळेश्वरला न्यायचं असेल तरी आधी विचारा, ते पुण्यापेक्षा जवळपास 800 मीटर उंच आहे, तिथली हवा विरळ.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या ऑपरेशन्स बसतात, हॉस्पिटल योजनेत आहे का ते बघून ॲडमिट व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि बाळाची कागदपत्रं दाखवा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मदत होते, अंगणवाडीत चौकशी करा.

ऑपरेशनची तारीख लवकर लागली तर मशीन त्या दिवशी परत घेतो, उरलेल्या दिवसांचं भाडं आणि डिपॉझिट परत मिळेल. मशीन अलार्म देत असेल तर रात्री कितीही वाजता पावतीवरच्या नंबरला फोन करा.