वेबसाइट बिल्डर (छोट्या दुकानासाठी)

कोडिंग न शिकता, तयार साच्यात मजकूर, फोटो आणि भाव भरून वेबसाइट उभी करण्याचे साधन. नागपुरात इतवारीतला मसालेवाला, सीताबर्डीवरचा कापड दुकानदार किंवा संत्रा बर्फी विकणारा मिठाईवाला, यांचे काम बहुतेकदा एकदोन पानांत भागते: माल काय, भाव काय, दुकान कुठे, कधी उघडे. साधन निवडताना पहिली कसोटी दिसण्याची नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मोबाइलवरून स्वतः भाव बदलता यायला हवा. कळमन्याच्या घाऊक बाजारात मिरची चढली आणि वेबसाइटवर जुनाच भाव राहिला, तर गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला.

विक्स आणि शॉपिफाय या दोन्ही २००६ साली सुरू झालेल्या सेवांत होस्टिंग (वेबसाइट इंटरनेटवर ठेवण्याची जागा), सुरक्षा, अपडेट हे सगळे कंपनीच पाहते. दुकानदार वर्गणी भरतो. शॉपिफायचा जन्मच मुळी स्नोबोर्ड विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाच्या गरजेतून झाला, त्यामुळे मालसाठा आणि ऑर्डर सांभाळण्यात ते पुढे आहे. वर्डप्रेस (२००३) आणि त्यावर दुकान चालवणारे वूकॉमर्स (२०११) मोफत आहेत, पण होस्टिंग, बॅकअप आणि अपडेट आपल्याच गळ्यात पडतात. घरात जाणते कोणी नसेल तर नवशिक्याने तिकडे वळू नये. मात्र वर्डप्रेसची वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते. विक्सवरची तशी नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते.

फुकटच्या पत्त्यावर विसंबणे धोक्याचे. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून (गूगलवरची दुकानाची नोंद) मिळणाऱ्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर आणि पाटीवर छापला होता, त्यांचे छापलेले वाया गेले. प्रोफाइल स्वतः चालू आहे आणि नकाशावर दुकान सापडण्यासाठी ते भरलेच पाहिजे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, मात्र दुकानदाराने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्यावे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिले, तर पुढे सोडवून घेताना नाकी नऊ येतात.

मराठी मजकुराची अडचण वेगळीच. छापखान्यात जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेले दरपत्रक वेबसाइटवर चिकटवले की ‘हळद’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो आणि शोधातही काही सापडत नाही. यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांवर सारखीच उमटणाऱ्या अक्षरपद्धतीत, नव्याने टाइप करावी. मालाचे नाव ‘तिखट’ आणि ‘मिरची पावडर’ असे दोन्ही द्यावे. लोक दोन्ही शोधतात.

पैसे घेण्यासाठी सुरुवातीला यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण पुरते. कार्डासाठी पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) जोडला की प्रत्येक व्यवहारावर कमिशन जाते. ऑनलाइन विक्री सुरू झाली की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात: व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील वेबसाइटवर द्यावा लागतो. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांकही. बर्फीसारखा लवकर खराब होणारा माल कोणत्या पिनकोडपर्यंत पाठवायचा, ही मर्यादा ऑर्डरच्या पानावर आधीच घालता येते का, हे साधनाच्या मोफत चाचणीच्या काळातच तपासून घ्यावे.