भिंती नसलेला विहार आणि कठड्यातलं भोक

उत्तर थायलंडमधल्या लांपांग शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवर, एका उंचवट्यावर वाट फ्रा थाट लांपांग लुआंग उभं आहे; ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर. तिथल्या मुख्य चेदीभोवती, म्हणजे स्तूपाभोवती, धातूचा कठडा आहे आणि त्या कठड्यात बंदुकीच्या गोळीचं एक भोक आहे. पाहुणे आधी छपरं बघतात, सोनेरी नक्षी बघतात. भोक कुणी बोट करून दाखवलं तरच दिसतं. पण या जागेचा इतिहास तिथूनच धरलेला बरा.

1732 साल. लांपांगवर चालून आलेल्या, शेजारच्या लांफुन शहराच्या सैन्याने याच मंदिरात तळ ठोकला होता. थिपचांग नावाचा एक स्थानिक शूर गडी रात्री सांडपाण्याच्या मोरीतून आत शिरला आणि त्याने त्यांच्या म्होरक्याला गोळी घातली. भोक त्याच गोळीचं, असं सांगतात. पुढे थिपचांग लांपांगचा राजा झाला.

मंदिरात सैन्य राहतं हे आपल्याला खटकतं, तिथे खटकत नव्हतं. हे मुळात ‘विआंग’, म्हणजे मातीचे तट आणि खंदक असलेलं कोटबंद ठाणं. दंतकथा त्याचं नातं हरिपुंचयच्या, म्हणजे लांफुनच्या जुन्या राज्याच्या, मोन वंशाच्या राणीशी, चामादेवीशी जोडते. 13व्या शतकाच्या उत्तरार्धात मंगराय राजाने हरिपुंचय जिंकलं, 1296 मध्ये चियांग माई शहर वसवलं आणि लान्ना राज्य आकाराला आलं. लान्ना म्हणजे दहा लाख भातखाचरं. नाव तलवारीवरून नाही, भातावरून पडलं, हे मला फार आवडतं.

या राज्याचा भरभराटीचा काळ 15व्या शतकातला, तिलोकराजाच्या कारकिर्दीचा. बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा नमुना समोर ठेवून चियांग माईत वाट चेत योत बांधलं गेलं ते त्याच्याच वेळी. लांपांगच्या या मंदिरातला मोठा विहारही तेव्हाचा. त्याचं साल 1476 दिलं जातं आणि थायलंडमधल्या सर्वात जुन्या लाकडी इमारतींत तो गणला जातो.

लान्ना शैली म्हणजे काय, ते या विहारात उभं राहिलं की कळतं. बाजूंना भिंतीच नाहीत. सागाचे जाडजूड खांब आणि त्यांवर एकाखाली एक उतरत जाणारी छपरं, इतकी खाली की पाऊस आत येत नाही आणि उजेडही वाकूनच येतो. बँकॉकची मंदिरं आभाळाकडे झेपावतात, ही जमिनीकडे झुकतात. दर्शनी त्रिकोणातल्या तुळयांच्या रचनेला तिकडे ‘मा तांग माय’ म्हणतात, म्हणजे पाठीवर ओझं लादलेला घोडा. चीनमधल्या युनान प्रांतातून डोंगर ओलांडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे ज्यांनी पाहिले, त्यांनाच असं नाव सुचणार. आत काळ्या-लाल लाखेवर सोन्याच्या वर्खाची छापील नक्षी आहे आणि मूर्तीसाठी ‘कू’ नावाचा विटांचा सोनेरी देव्हारा.

शब्द तर आपल्याच घरचे. चेदी म्हणजे चैत्य, थाट म्हणजे धातू, म्हणजेच बुद्धाचे पवित्र अवशेष, उबोसोत म्हणजे उपोसथ, भिक्खूंच्या विधींचं दालन. ‘विहान’, म्हणजे विहार, हा मात्र चकवतो. अजिंठ्याला विहार म्हणजे भिक्खूंचं राहायचं ठिकाण. इथे विहान म्हणजे बुद्धमूर्तीसमोर लोकांनी जमायची जागा. महाराष्ट्रातल्या वस्त्यांमधला आजचा बुद्धविहार या अर्थाला लेण्यांपेक्षा जवळचा आहे.

आवारात बुद्धपदाची, म्हणजे बुद्धाच्या पाऊलखुणेची, एक छोटी अंधारी खोली आहे. बारीक छिद्रातून उजेड येऊन चेदीची उलटी प्रतिमा आत पडते. पण बायकांना तिथे प्रवेश नाही. ती पाटी वाचली की शनिशिंगणापूरचा चौथरा आठवतो. तिथली बंदी निदान 2016 मध्ये उठली.

1558 मध्ये लान्ना बर्मी सत्तेखाली गेलं आणि दोन शतकांहून अधिक काळ राहिलं. ती सत्ता उखडली थिपचांगच्या नातवाने, लांपांगचा राजा असलेल्या कावीलाने, सयामच्या ताकसिन राजाच्या साथीने. पण युद्धांनी मुलूख ओसाड झाला होता. चियांग माई जवळपास वीस वर्षं रिकामं पडलं. कावीलाने 1796 मध्ये ते पुन्हा वसवलं. त्यासाठी आसपासच्या मुलखातून माणसं धरून आणली गेली. ‘भाजी टोपल्यात, माणसं शहरात’ असा त्या धोरणाचा वाक्प्रचारच झाला. चियांग माईतली आज ‘सातशे वर्षांची’ म्हणून दाखवली जाणारी बरीचशी मंदिरं या वसाहतीनंतर नव्याने उभारलेली किंवा डागडुजी केलेली आहेत. लांपांगचा विहार म्हणूनच मोलाचा.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कंपन्या इथल्या सागावर उतरल्या. त्यातली एक, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, 1863 मध्ये आपल्या मुंबईत स्थापन झालेली. या धंद्याबरोबर बर्मी आणि बर्मातल्याच शान जमातीचे लाकूडवाले लांपांगला आले, पैसा कमावला. झाडं तोडल्याने वनदेवता कोपतील या धास्तीने त्यांनी मंदिरं बांधली, असं सांगतात. ज्या गावच्या राजाने बर्मी सैन्य हुसकावलं, त्याच गावात शंभरेक वर्षांनी बर्मी घडणीची देखणी छपरं चढली.