दातखीळ हाडाची की सुपारीची?

खानापूरचा असो नाहीतर निपाणीचा, पेशंट दारातूनच सांगतो, "डॉक्टर, दातखीळ बसलीया." आपल्याकडे हा शब्द फार ढिला वापरतात. धनुर्वात झाला तरी दातखीळ, अक्कलदाढ सुजली तरी दातखीळ. पण ही दोन्ही दुखणी अचानक येतात. मला सांगायचंय ते महिनोन्महिने तोंड मिटत नेणाऱ्या दोन आजारांबद्दल. एकात कानापुढचा जबड्याचा सांधा हाडाने जुळून जातो, त्याला अँकायलोसिस म्हणतात. दुसऱ्यात गालाच्या आतलं अस्तर आखडतं, त्याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. तक्रार एकच असल्यामुळे भलत्याच उपचारात वर्षं निघून जातात.

मागच्या पावसाळ्यात चिकोडीकडची एक आजी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आली. पोरीच्या दातांत माझ्या करंगळीचं टोकही जाईना. जेवते कशी, विचारलं तर आजीने दाखवलं: भाकरी दुधात कुस्करायची आणि पडलेल्या दाताच्या फटीतून बोटाने आत ढकलायची. मी तिची मान वर केली. हनुवटीखाली टाक्यांचा जुना व्रण होता.

"आजी, ही कधी पडली होती?"

"चार वर्सं झाली की. उसाच्या ट्रॉलीवरनं. टाकं घातलं, जखम बरी झाली."

जखम बरी झाली, हे खरंच होतं. पण हनुवटीवर बसलेला मार जबड्यातून वर चढतो आणि कानापुढच्या सांध्यात जाऊन फुटतो. लहान मुलांत तिथलं हाड मऊ आणि रक्ताने भरलेलं असतं. ते चेचतं, सांध्यात रक्त साचतं, दुखतं म्हणून मूल तोंड उघडत नाही, आणि न हललेल्या सांध्यात साचलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड तयार होतं. कान फुटून आत पू पसरला तरी असं होऊ शकतं. जबड्याच्या वाढीचं केंद्रही तिथेच असल्यामुळे पुढे हनुवटी मागे राहते. एकच बाजू जुळली असेल तर ती त्या बाजूला झुकते. गंमत अशी की आजारी बाजूचा गाल भरलेला दिसतो आणि चांगली बाजू चपटी, त्यामुळे घरचे हमखास चुकीच्या गालावर बोट ठेवतात. जबडा लहान राहिला की जीभ मागे सरते, श्वासाची वाट अरुंद होते. मूल रात्री घोरत असेल, मध्येच श्वास अडकून उठत असेल, तर "गाढ झोपतंय" म्हणून सोडू नका.

दुसऱ्या, म्हणजे सुपारीच्या आजारात सांधा ठणठणीत असतो. तिथे आधी तिखट झोंबायला लागतं, ठेचा नकोसा होतो, मग गाल आतून पांढरट पडतात आणि बोट फिरवलं तर ताणलेल्या दोरीसारखे पट्टे लागतात. जीभ बाहेर काढायला, गाल फुगवायला, शिट्टी वाजवायला जड जातं. तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण इथे गुन्हेगार सुपारीच आहे, कन्नडमध्ये तिला अडिके म्हणा हवं तर. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार पाहिला, पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं. तेव्हा गुटख्याची पुडी कुठे होती? सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे अस्तराखाली कोलॅजनचे चिवट तंतू साचत जातात. महाराष्ट्राने 2012 मध्ये आणि कर्नाटकाने 2013 मध्ये गुटखा बंद केला. मग पानमसाला एका पुडीत आला, तंबाखू दुसरीत, आणि तोंडात दोन्ही एकच. या अस्तरात पुढे कॅन्सर होऊ शकतो. जुळलेल्या हाडाला तो धोका नसतो.

घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांत घाला. ती गेली पाहिजेत. मग कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. तिथली गाठ सरकताना जाणवली तर सांधा जिवंत आहे. काहीच हललं नाही तर सीटी स्कॅन लागणार. गुटखा खाणारा पोरगा गाडीवरून पडलेला असेल तर माझाही नुसत्या बोटांवर विश्वास नसतो.

उपचारांचा क्रम दोन्हींत उलटा आहे. सुपारीच्या आजारात पहिलं काम पुडी सोडणं, मग तोंडाचे व्यायाम, गालात इंजेक्शनं, आणि फारच आखडलं तर पट्टे कापून तिथे गालातलीच चरबी बसवायची. पुडी चालू ठेवून ऑपरेशन केलं तर तोंड परत मिटतं. उलट, हाड जुळलं असेल तर मालीश, शेक, चमचा घालून ताणणं, सगळं वाया. दात हलतील, हाड नाही. ऑपरेशन आधी, आणि वाढ खुंटण्याआधी झालेलं बरं. तोंडच उघडत नसल्याने भूल देणं हीसुद्धा कसरत असते. नळी दुर्बिणीने नाकातून घालावी लागते. मग कानापुढे चीर देऊन, चेहऱ्याची नस सांभाळत, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हाड कापून काढतात आणि पुन्हा जुळू नये म्हणून मधे कानशिलाच्या स्नायूचा पडदा घालतात. मुलांत बरगडीचा कूर्चेसकट तुकडा बसवतात, तो मुलाबरोबर वाढू शकतो; मोठ्यांत धातूचा कृत्रिम सांधाही चालतो. श्वास फारच अडत असेल तर काही सर्जन आधी जबडा लांबवून घेतात. हे काम तोंड-जबड्याच्या सर्जनचं. बेळगाव-धारवाडच्या डेंटल कॉलेजांत तो विभाग असतो.

ऑपरेशनच्या टेबलावर 35 मिलिमीटर उघडलेलं तोंड घरी तेवढंच राहील, याची खात्री फक्त व्यायामाने मिळते. दुखत असताना, दिवसातून अनेकदा, कित्येक महिने. आळस केला की हाड पुन्हा जुळतं. त्या पोरीला ऑपरेशननंतर मी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दिली होती, दाताखाली धरायची आणि जमेल तशी एकेक वाढवायची. आजी मिलिमीटर वगैरे मानत नाही. परवा फोनवर नाव न सांगताच म्हणाली, "आज सतरा गेल्या बगा."