गर्भारपणातलं व्हिटॅमिन डी आणि दुधाच्या दातांची कीड

आईच्या पोटात बाळाला मिळालेलं व्हिटॅमिन डी आणि वयाच्या सहा वर्षांच्या आत त्याच्या दुधाच्या दातांना लागलेली कीड, या दोन्हींचा आपसात काही संबंध आहे का, हा इथला विषय. थोडक्यात सांगायचं तर संबंध आहे असं दिसतं, पण घरोघरी समजतात तितका सरळ नाही.

पहिला दात सहाव्या-सातव्या महिन्यात दिसतो म्हणून आपल्याला वाटतं तो तेव्हाच तयार होतो. खरं तर दुधाच्या दातांची कळी गर्भाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यातच धरते, चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यात कॅल्शियम-फॉस्फेट भरायला लागतं, म्हणजे डोहाळजेवणाची ओटी भरेपर्यंत पुढच्या दातांचं काम कधीच सुरू झालेलं असतं. वरचं कडक इनॅमल वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज, आणि ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, इनॅमल परत बनत नाही. व्हिटॅमिन डी आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट शोषायला लावतं, बाळाचा सगळा साठा आईकडूनच नाळेतून येतो; आईकडे कमी तर बाळाकडेही कमी, मग इनॅमल पातळ, खडबडीत राहू शकतं आणि त्यात कीड लवकर शिरते.

आता इंदूरसारख्या ठिकाणी, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, ऊन भरपूर असताना डी कमी का? कारण ऊन असणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं. सुदामा नगर काय, रामबाग काय, बायका स्कूटरवर निघतात त्या तोंडाला स्कार्फ आणि हातात मोजे घालूनच, घरात ऊन काचेतून येतं आणि काच नेमके कातडीत डी बनवणारे यूव्हीबी किरण अडवते. आजी म्हणते कोवळ्या उन्हात बस, बाळालाही तेल लावून तिथेच निजव, पण सकाळचे किरण तिरपे असतात, त्यात यूव्हीबी फारच थोडे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि मे महिन्यात त्या वेळी कोणी गर्भार बाईला अंगणात बसवणार नाही, ते बरोबरच आहे. शाकाहारी ताटातून डी जेमतेमच मिळतं.

अभ्यास दोन सांगण्यासारखे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये 2014 साली आलेल्या अभ्यासात 207 गर्भवती बायकांचं रक्त तपासलं होतं, ज्यांच्या बाळांचे दात पुढे किडले त्या आयांचं डी सरासरीने कमी निघालं. डेन्मार्कमध्ये 24व्या आठवड्यापासून काही जणींना रोज 2800 युनिट आणि बाकीच्यांना 400 दिलं. 2019 मध्ये आलेल्या निकालात सहा वर्षांच्या मुलांच्या पक्क्या दातांच्या इनॅमलमधले दोष 400 युनिटच्या गटात 27.5 टक्के मुलांत, तर 2800च्या गटात 15.1 टक्के मुलांत दिसले, पण कीड मात्र दोन्ही गटांत सारखीच! माझ्या मते यात नवल नाही, कारण कीड लागायला जंतू आणि साखर लागते. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवणं, रडलं की मधाचं बोट, रविवारी पोह्यांबरोबर जलेबी दुधात बुडवून भरवणं, याला कुठलंच जीवनसत्त्व पुरं पडत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशीत गर्भवतीला रोज 600 युनिट सांगितलेत. मेडिकलवर मिळणारी 60,000 युनिटची पुडी शेजारणीने घेतली म्हणून आपणही दुधात टाकून घ्यायची नाही, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, डोस डॉक्टरनीच ठरवायचा.

बाळाचा पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून घासायचा, आणि अधूनमधून वरचा ओठ उचलून बघायचं, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, दात दुखायची वाट बघत बसू नये.