व्हीलॅन: राहायला एकीकडं, तालीम दुसरीकडं

शिवाजी पेठेतला माणूस राजारामपुरीत फ्लॅट घेऊन गेला, तरी गणपतीची वर्गणी पेठेतल्या तालमीतच देतो. राहतो कुठं आणि आहे कुठला, हे कोल्हापुरात वेगवेगळे प्रश्न आहेत. कॉम्प्युटरच्या जाळ्यात ते वेगळे व्हायला बरीच वर्षं गेली. ते वेगळे केले व्हीलॅननं, म्हणजे व्हर्च्युअल लॅननं: केबल एकच, पण तिच्यावर नंबरानं वेगळी केलेली अनेक जाळी.

कॉम्प्युटर केबलनं जोडायची इथरनेट ही पद्धत १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मली. सगळी यंत्रं एकाच केबलवर. 'अमुक पत्ता कुणाचा?' अशी एकानं दवंडी पिटली की सगळ्यांनी ऐकायची. यंत्रं वाढली तशी दवंड्यांचीच गर्दी. मग अकाउंट्सला वेगळं जाळं, डिझाइनला वेगळं. टेबल हललं की केबल ओढा.

खरी अडचण बेलकोअर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतल्या डेव्हिड सिन्कोस्कींना १९८० च्या दशकात भेटली. त्यांना इथरनेटवरून टेलिफोनचे कॉल न्यायचे होते. जाळं वाढवायला ब्रिज, म्हणजे दोन केबल जोडणाऱ्या पेट्या, होत्या, पण रेडिया पर्लमन यांच्या १९८५ च्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीत जाळ्याचं झाड करतात आणि फ्रेम, म्हणजे माहितीची पुडकी, गोल गोल फिरू नयेत म्हणून जादा वाटा बंद ठेवतात. मग झाडाच्या मुळाशी असलेल्या एकाच स्विचवर, म्हणजे अनेक केबल जोडायच्या पेटीवर, सगळा भार. सिन्कोस्कींनी प्रत्येक फ्रेमला खूण लावली, रंग फासल्यासारखी: लाल फ्रेमचं झाड वेगळं, निळ्याचं वेगळं. म्हणजे मूळ हेतू गर्दी फोडण्याचा. आज व्हीलॅन म्हटलं की लोक आधी सुरक्षा बघतात, आणि दोन व्हीलॅन जोडणाऱ्या मधल्या राउटरवर एकही नियम न लावता निर्धास्त होतात!

पुढं सिस्को या नेटवर्क यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं खूण लावायची आयएसएल ही स्वतःची पद्धत काढली, ती इतरांच्या स्विचला कळेना. १९९८ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ८०२.१क्यू हे सगळ्यांसाठीचं मानक आलं. फ्रेममध्ये चार बाइटची चिठ्ठी, त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरला. एकूण ४०९६ आकडे. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. चिठ्ठीपायी फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइटवरून १५२२ झाली. क्लाउडवाल्यांना ४०९४ पुरेनात, तेव्हा २०१४ मध्ये २४ बिटांच्या नंबराचं व्हीएक्सलॅन हे मानक प्रसिद्ध झालं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सच्या एक मॅडम गोडाउनशेजारी बसायला गेल्या. तिथल्या स्विचच्या सतराव्या पोर्टला मी अकाउंट्सच्या व्हीलॅनचा २० नंबर दिला, केबलला हातसुद्धा लावला नाही. कॉम्प्युटरला चिठ्ठीचा पत्ताच नसतो. स्विच ती ट्रंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या केबलवर, लावतो आणि कॉम्प्युटरच्या पोर्टवर काढून घेतो. ट्रंकवर २० चालू करायचं मात्र राहून गेलं, आणि अर्धा तास मॅडमचं टॅली उघडेना.